दत्तक गाव आणि सात दिवसांचे पालक

महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरांचा हंगाम दरवर्षी ठरल्याप्रमाणे येतो. एखादे गाव निवडले जाते, शाळेच्या इमारतीत वा देवळाच्या अग्रशाळेत मुक्काम पडतो, सकाळी प्रभातफेरी निघते, दुपारी रस्त्याकडेचे गवत काढले जाते आणि संध्याकाळी व्याख्यान होते. समारोपाला पाहुणे येतात, छायाचित्रे काढली जातात. आठव्या दिवशी गाव पूर्ववत होते. त्या गावाला या सात दिवसांनी काय दिले आणि त्या मुलांनी तेथून काय नेले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

ही योजना क्षुद्र हेतूने जन्मलेली नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांतील 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन तिचा आरंभ केला. आज तिचे स्वयंसेवक लाखोंनी मोजावे लागतात. दोन वर्षांत 240 तास समाजासाठी द्यावेत ही अपेक्षा अवास्तव नाही. सुशिक्षितांचा आणि श्रमाचा तुटलेला सांधा जोडावा हा विचार तर आजही तितकाच खरा आहे. उणीव आहे ती कामाच्या दर्जाची, आणि तिचे मूळ मुलांच्या आळसात शोधणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. ते संस्थांच्या हिशेबाच्या पद्धतीत आहे.

वृक्षारोपणाचेच उदाहरण घ्या. कन्हैयालाल मुनशी यांनी 1950 साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैत रोपे लावण्याचा प्रघात पडला, आणि तो योग्यच आहे. जुलैत लावलेले रोप ऑक्टोबरपर्यंत पावसावर जगते. त्याला माणसाची खरी गरज लागते ती जानेवारीपासून मेपर्यंत. नेमक्या त्याच दिवसांत परीक्षा येतात, पाठोपाठ सुटी लागते आणि मोकाट गुरांना मात्र सुटी नसते. अहवाल लिहिला जातो तो जुलैच्या आकड्यांवर. ‘पाचशे रोपे लावली’ हे वाक्य खोटे नसते. परंतु त्यातली किती उरली हे ज्या मुलाला ठाऊक आहे, तोच पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवे रोप लावतो आणि त्याच अहवालाला हातभार लावतो. समाजसेवेच्या पहिल्याच पाठात कागद सजवण्याची विद्या त्याला मिळते. सुकलेल्या रोपापेक्षा आम्हांला या नुकसानीची चिंता अधिक वाटते.

‘दत्तक गाव’ हा शब्दही जरा तपासून पाहावा असा आहे. दत्तक घेतले जाते ते पोरके मूल. गोव्यातील गावांना स्वतःची गांवकारी होती. तिचे रीतिरिवाज पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने 1526 साली लिहून काढले, तेव्हाही ती संस्था जुनीच होती. बांध कोणी राखावा, पाण्याची पाळी कोणाची, उत्पन्नाचा वाटा कोणाला, हे ठरविणाऱ्या गावाचे पालकत्व आपण सात दिवसांसाठी कोणत्या अधिकाराने घेतो? अशा गावात जाऊन देवळाचे आवार झाडणे हे वाईट काम नव्हे. पण ते गावकऱ्यांना जमत नव्हते असेही नव्हे.

जे जमेनासे झाले आहे ते वेगळेच आहे. खाजन शेतीचे बांध ठिकठिकाणी खचत आहेत. भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानशीची दारे दुरुस्तीवाचून राहिली, की खारे पाणी आत शिरते आणि ते सोसणाऱ्या कोरगूट भातालाही त्याची सीमा असते. बांधाची दुरुस्ती हे अननुभवी हातांचे काम नाही, हे आम्ही जाणतो. पण कोणत्या बांधाला कोठे भगदाड पडले, कोणते शेत किती वर्षे पडीक आहे, मानस सांभाळण्याची रीत कोणत्या वृद्धाला अजून आठवते, याची नोंद विद्यार्थी उत्तम करू शकतात. एका वर्षीची नोंद दुसऱ्या वर्षीच्या तुकडीने पुढे नेली, तर पंचायतीपुढे आणि कृषी खात्यापुढे ठेवण्याजोगा दस्तऐवज तयार होईल. त्यासाठी दरसाल नवे गाव शोधण्याचा सोस सोडून एकाच गावात चार-पाच वर्षे जावे लागेल.

नोंदीचे हे महत्त्व नवे नाही. किनारे स्वच्छ करण्याची आंतरराष्ट्रीय मोहीम 1986 साली अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झाली, तेव्हा स्वयंसेवकांनी कचरा नुसता गोळा केला नाही. कोणती वस्तू किती सापडली याची नोंदपत्रके भरली. कचरा कोठून येतो हे त्यामुळे बोलता आले. आपल्याकडे सप्टेंबरातील किनारा सफाईनंतर पोत्यांची संख्या छापून येते. पोत्यांत बाटल्या होत्या की फाटकी जाळी, हे क्वचितच कळते.

मुदतीचा दोष आहे असेही म्हणता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी आठच दिवसांची, तीही मेच्या उन्हात. पण तेथे तरुण ज्या जमिनीवर घाम गाळतो ती बरे झालेले कुष्ठरोगी वर्षभर कसत असतात. त्याचे काम त्यांच्या कामात मिळून जाते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘निर्माण’ने 2006 पासून वेगळी वाट धरली: एक शिबिर, मग प्रत्यक्ष काम, मग पुन्हा शिबिर. केलेल्या कामाचा विचार करण्यास तेथे सवड ठेवलेली असते. ब्रिटनमध्ये 2013 साली सुरू झालेल्या ‘आय विल’ मोहिमेनेही दर्जाच्या ज्या सहा कसोट्या ठरविल्या, त्यांत तरुणांचे नेतृत्व आणि कृतीनंतरचे चिंतन या दोहोंना स्थान दिले आहे.

नेतृत्वाचा मुद्दा आपल्या संस्थांना सर्वांत जड जातो. अठराव्या वर्षी मतदार ठरलेला तरुण शिबिरात कोणती भिंत रंगवायची हेही ठरवू शकत नाही. गोव्याच्या मुक्तिलढ्यात तुरुंगात गेलेल्यांपैकी कित्येक जण याच वयाचे होते, याची येथे आठवण द्यावीशी वाटते.

कार्यक्रम अधिकारी म्हणून जो प्राध्यापक नेमला जातो त्याची कुचंबणाही ध्यानात घ्यायला हवी. अध्यापन, परीक्षा, उत्तरपत्रिका सांभाळून त्याने शंभर मुलांचे कार्य उभे करावयाचे, आणि वर्षअखेरीस त्याच्याकडून मागितले जातात ते तास, रोपे आणि उपस्थिती यांचे आकडे. मग तो तेच देतो. शैक्षणिक धोरणाने 2020 साली समाजकार्याला श्रेयांकांची जोड सुचविली आहे. श्रेयांक जर याच आकड्यांवर वाटले गेले तर आजवर निदान स्वेच्छेने येणारी मुले उद्या सक्तीने येतील एवढाच फरक पडेल.

विद्यापीठाला व शिक्षण खात्याला याबाबत काही करावयाचे असेल, तर त्याचा प्रारंभ अहवालाच्या तक्त्यापासून करता येईल. गेल्या वर्षीच्या रोपांपैकी मे महिन्याअखेर जिवंत किती, काम निवडण्यापूर्वी गावात कोणाला विचारले, काय फसले आणि का, असे तीन रकाने त्यात घालावेत. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरणाऱ्या महाविद्यालयाचे अनुदान कापले जाणार नाही, हे परिपत्रकातच लिहून द्यावे. येत्या वनमहोत्सवापूर्वी इतके सहज होऊ शकते.