आठ लाख माग, सहा लाख माग

भिवंडीत सुमारे ६ लाख यंत्रमाग असल्याचा अंदाज नेहमी दिला जातो. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर अख्ख्या ब्रिटनमध्ये सुती कापडाचे सुमारे ८ लाख माग होते आणि त्यांतले बहुतेक लँकेशायर परगण्यात. म्हणजे जगाला कापड नेसवणाऱ्या साम्राज्याकडे जेवढे माग होते, त्याच्या पाऊणपट आज ठाणे जिल्ह्यातल्या एका शहरात आहेत. माग जवळपास सारखेच आहेत. फरक पडला तो जकातीचा दर कोणी ठरवला यामुळे, आणि तो आकड्यांत मोजता येतो.

१८१३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची भारतातल्या व्यापाराची मक्तेदारी संपली. पुढच्या वर्षी, १८१४ मध्ये, ब्रिटनमधून भारतात ८,१८,२०८ वार सुती कापड आलं. १८३५ मध्ये ५,१७,७७,२७७ वार आलं. २१ वर्षांत ६३ पट. त्याच काळात भारतातून ब्रिटनला जाणारे कापडाचे नग १२,६६,६०८ वरून ३,०६,०८६ वर उतरले. घट ७६ टक्के.

ही उलथापालथ फक्त यंत्राने झाली, असं म्हणायला आकडे परवानगी देत नाहीत. १८२४ मध्ये ब्रिटनच्या बंदरात भारतीय मलमलीवर ३७.५ टक्के आणि साध्या सुती कापडावर ६७.५ टक्के जकात होती. १८४० मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे आलेले दर असे: ब्रिटिश जहाजातून भारतात आलेल्या ब्रिटिश सुती व रेशमी मालावर ३.५ टक्के, भारतातून ब्रिटनला गेलेल्या सुती मालावर १० टक्के, रेशमी मालावर २० टक्के. लँकेशायरचं यंत्र भिंतीआड वाढलं आणि पुरेसं मोठं झाल्यावर ती भिंत खाली आणली गेली. भारताला भिंत बांधण्याचा अधिकारच नव्हता. आर्थिक इतिहासकार पॉल बैरोक यांच्या अंदाजानुसार जगाच्या वस्तुनिर्मितीत भारताचा वाटा १७५० मध्ये २४.५ टक्के होता. तो १८६० मध्ये ८.६ आणि १९०० मध्ये १.७ टक्क्यांवर आला. ब्रिटनचा वाटा १७५० मधल्या १.९ टक्क्यांवरून १८८० मध्ये २२.९ टक्क्यांवर गेला.

या घसरणीत सगळे सारखे बुडाले नाहीत, आणि भिवंडी समजून घ्यायची तर हीच फोड महत्त्वाची आहे. १०० पौंड कापसाचं सूत काढायला हाताने कातणाऱ्या भारतीय कारागिराला ५०,००० तासांहून जास्त वेळ लागे. दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर एका माणसाची जवळपास २१ वर्षं. १७८० च्या सुमाराच्या क्रॉम्प्टनच्या यंत्रावर हे काम २,००० तासांत होई, १८२५ च्या रॉबर्ट्सच्या स्वयंचलित यंत्रावर १३५ तासांत. फरक ३७० पटींचा. विणकामात यंत्राची आघाडी याच्या जवळपासही नव्हती. त्यामुळे पहिला मार चरख्यावर बसला. घरोघरी सूत कातणाऱ्या बायकांची मिळकत गेली आणि तिची नोंद कुठल्याही जकात-वहीत झाली नाही. विणकर मात्र तेच गिरणीचं स्वस्त सूत मागावर चढवून तग धरू शकला.

तग धरणारे विणकर भिवंडीत आले. १८५७ च्या उठावानंतर आझमगड, मऊ, बनारस, अलाहाबाद या भागांतली मोमीन-अन्सारी विणकर कुटुंबं दक्षिणेकडे सरकली. त्यांतली काही मालेगावला थांबली, काही भिवंडीला. गाव तेव्हा तांदळाचं आणि खाडीच्या व्यापाराचं होतं. मुंबई–ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. भिवंडी तिथून दहा-बारा किलोमीटरवर बाजूला राहिली. १८७० मध्ये हाच लोहमार्ग अलाहाबादमार्गे कोलकात्याला जोडला गेला. ज्या रुळांवरून लँकेशायरमधल्या मँचेस्टरचं कापड आत गेलं, त्याच रुळांनी पुढचे विणकर बाहेर आले.

अमेरिकेतल्या यादवीने तिथला कापूस अडवला आणि दाखवून दिलं की कच्च्या मालाचा पुरवठादार असणं म्हणजे काय. ब्रिटनने भारतातून १८६० मध्ये २०.४ कोटी पौंड कापूस घेतला आणि १८६१ मध्ये ३६.९ कोटी पौंड. एका वर्षात ८१ टक्के वाढ. मुंबईच्या व्यापाऱ्यांना १८६५ पर्यंत सुगी होती. विणकराला त्याच चार वर्षांत सूत महाग पडलं.

त्यानंतरचे दर म्हणजे एका परगण्याच्या हितासाठी एका देशाचा अर्थसंकल्प कसा लिहिला जातो याचा दाखला आहेत. १८६२ पासून भारतात आयात कापडावर ५ टक्के जकात होती. भारतातल्या मोठ्या दुष्काळाला वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, मार्च १८७९ मध्ये, व्हाइसरॉय लिटन यांनी स्वतःच्या मंडळाचं बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरची जकात काढली. १८८२ मध्ये उरलेलीही गेली. १८९४ मध्ये सरकारी तिजोरी रिकामी होऊ लागली तेव्हा जकात परत आली. लँकेशायरने ओरड केल्यावर १८९६ मध्ये तोडगा निघाला: आयात कापडावर ३.५ टक्के जकात आणि भारतीय गिरण्यांच्या कापडावरही ३.५ टक्के अबकारी. ही अबकारी डिसेंबर १९२५ पर्यंत, म्हणजे २९ वर्षं वसूल झाली.

याच कायद्यात एक विसंगती होती. अबकारी गिरणीच्या कापडावर होती, हातमागाला ती माफ होती, आणि सुतावर दोन्हीकडे कर शून्य. विणकराला वाचवावं असा हेतू त्यामागे नव्हता, मँचेस्टरला सुती कापडाच्या बाजारात मुंबईची स्पर्धा नको होती एवढंच. तरीही भिवंडीच्या हातमागाला या फटीतून श्वास मिळाला.

१९१३ मध्ये ब्रिटनने सुमारे ७०० कोटी वार सुती कापड निर्यात केलं. त्यातलं सुमारे ३०० कोटी वार भारताने घेतलं. १९११ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या ३१.५ कोटी होती. भागाकार साडेनऊ वार येतो: तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत दरडोई एक नऊवारी लुगडं, वर अर्धा वार. जकातीची सूत्रं भारताच्या हाती येऊ लागल्यावर चित्र पालटलं. १९३१ पर्यंत ब्रिटिश कापडावरची जकात २५ टक्के झाली. स्वदेशी चळवळीचा बहिष्कार आणि जपानी माल यांचीही भर पडली. १९३८-३९ मध्ये ब्रिटिश कापडाची आवक ३० कोटी वारांच्या खाली होती. पाव शतकात ९० टक्क्यांहून अधिक घट.

त्याच १९३० च्या दशकात भिवंडीत यंत्रमाग रुजू लागले. कारखान्यात आजही दिसणारा साधा माग पाहिला की त्याचं घराणं ओळखू येतं. १८४२ मध्ये ब्लॅकबर्नच्या केनवर्दी आणि बुलो यांनी घडवलेल्या लँकेशायर मागाचाच तो वंशज आहे. ओतीव लोखंडाचा सांगाडा, दोन्ही बाजूंनी ठोकर खाऊन ताण्यातून धावणारा लाकडी धोटा आणि धोट्यात बाण्याची कांडी. कांडी संपली की कारागीर माग थांबवतो, नवी बसवतो, पुन्हा चालू करतो. मिनिटाला १५० फेरे आणि इंचाला ५२ धागे धरले, तर बारा तासांच्या पाळीत, थांबे वजा जाता, एका मागावर चाळीसेक मीटर कापड निघतं. मजुरी मीटरवर ठरते. १९३१-३२ मध्ये लँकेशायरचे विणकर चाराहून जास्त माग सांभाळण्याच्या सक्तीविरुद्ध लढले होते. भिवंडीत सहा माग सांभाळणारा कारागीर कोणत्याही गल्लीत भेटतो.

१९०१ मध्ये शहराची लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास होती, २०११ मध्ये ७,०९,६६५. त्यांत दर हजार पुरुषांमागे सुमारे ७०९ स्त्रिया. उरलेल्या बायका उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणच्या गावांत इथून येणाऱ्या पैशांची वाट पाहतात, असा या आकड्याचा अर्थ आहे.

सूत भिवंडीत आजही बाहेरून येतं. म्हणून सुतावरचा कर हाच या शहराचा खरा कर. १८९६ च्या कायद्यात सुतावर शून्य आणि गिरणीच्या कापडावर ३.५ टक्के होते. २०१७ मध्ये आलेल्या वस्तू व सेवा कराने कृत्रिम धाग्याच्या सुतावर आधी १८ आणि काही महिन्यांत १२ टक्के लावले, तर कापडावर ५ टक्के. सुतावर जास्त भरलेला कर परत मिळण्याची सोय पहिलं वर्षभर नव्हती. परक्या सरकारशी या सरकारची तुलना होऊ शकत नाही. पण छोट्या कारखानदाराचं खेळतं भांडवल अडकलं ते अडकलंच. सूत आणि कापड दोन्ही ५ टक्क्यांवर यायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडला.