आधी हात, मग खडा

साखरपुड्याच्या अंगठीत रंगीत खडा हवा असेल, तर पहिल्यांदा ती घालणारीचा हात बघावा. माझी भाची दंतवैद्य आहे. दिवसभर हातमोजे चढवायचे, उतरवायचे, साबणाने हात धुवायचे, वर सॅनिटायझर. हिरा नको, रंग हवा, हे तिचं आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं पक्कं होतं. कोणता रंग, ते ठरवायला आम्ही झवेरी बाजारातल्या एका जुन्या इमारतीत, खड्यांच्या व्यापाऱ्याच्या लहानशा पेढीवर गेलो.

तिचा कौल पाचूला होता. शेठनी कागदाची पुडी उलगडून खडे पांढऱ्या तबकात ओतले आणि विचारलं, "ताई, रोज घालणार की सणावारी?"

"रोज."

"आणि काम काय करता?"

तिने सांगितलं. शेठनी एक पाचू चिमट्यात धरून भिंगासह तिच्या हाती दिला. दहापट मोठं दाखवणाऱ्या त्या भिंगातून पाचूच्या पोटात शेवाळासारखं जाळं दिसत होतं. जवळजवळ प्रत्येक नैसर्गिक पाचूत अशा चिरा असतात. त्या दिसू नयेत म्हणून बहुतेक पाचूंत तेल किंवा राळ मुरवतात. ही जुनी, सर्वमान्य रीत आहे, तिच्यात फसवणूक नाही. पण वारंवार साबण आणि अल्कोहोल लागलं की ते तेल हळूहळू निघून जाऊ शकतं आणि खडा निस्तेज दिसू लागतो. शिवाय चिरांमुळे ठोकर लागली तर तुकडा उडायची भीती. "गळ्यात घाला, कानात घाला. तुमच्या बोटात मी देणार नाही," असं म्हणून त्यांनी पुडी मिटली. विक्री सोडून दिलेला हा सल्ला मला त्या दिवसातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

खड्याचा कठीणपणा मोजण्याची पट्टी फ्रीडरिश मोह्स यांनी 1812 मध्ये आखली. तिच्यावर हिरा 10, माणिक आणि नीलम 9, पाचू साडेसात ते आठ. आपल्या घरातल्या धुळीत वाळूचे म्हणजे गारेचे बारीक कण असतात आणि गार 7 वर आहे. त्यामुळे सातच्या खालचा खडा रोज वापरला, नुसता फडक्याने पुसला, तरी त्याच्या पैलूंच्या कडा काही वर्षांत बोथट होतात. ओपल आणि टांझानाइट कितीही मोहक दिसले तरी रोजच्या अंगठीत घालू नयेत, ते यासाठी.

उरले माणिक आणि नीलम. मुळात दोन्ही एकच खनिज, कुरुंद. त्यात क्रोमियम आलं की माणिक, लोह आणि टायटेनियम आलं की निळा नीलम. चांगलं माणिक आमच्या खिशाबाहेरचं होतं. स्वस्त दिसणाऱ्या मोठ्या माणकांबद्दल तर शेठ हात जोडूनच बोलले. त्यांतल्या पुष्कळांच्या भेगा शिशाच्या काचेने भरलेल्या असतात आणि ती काच लिंबाच्या रसानेही खराब होते.

नीलमांच्या पुडीपाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ रमलो. दिव्याखाली दोन खडे सारखेच निळे दिसत होते. शेठनी तबक उचलून खिडकीत नेलं. दिवसाच्या उजेडात एक गडद शाईसारखा काळवंडला, तर दुसरा, सिलोनी, आतून उजळला. मग तो त्यांनी छापील कागदावर उताणा ठेवला. नगाच्या मधोमध खालची अक्षरं दिसत असतील, तर तो फार उथळ कापलेला असतो. उजेड आत फिरून डोळ्यांकडे येण्याऐवजी खालून निघून जातो. या नगात अक्षरं दिसत नव्हती. उलट काही नगांचं पोट उगाच फुगीर ठेवलेलं असतं. ते वजन बोटावर दिसत नाही, पण पैसे कॅरटवर मोजले जातात. एक कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम. म्हणून वजनाचा आकडा ऐकण्याआधी नग वरून केवढा दिसतो, ते बघावं.

"हा भट्टीतला आहे," शेठनी आपण होऊन सांगितलं. बाजारातले बहुतेक नीलम भट्टीत तापवलेले असतात. 1970 च्या दशकापासून श्रीलंकेतले दुधट, बिनरंगाचे वाटणारे खडे थायलंडच्या भट्ट्यांत जाऊ लागले. सोळाशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलं, की आतल्या रुटाइलच्या सुया विरघळतात आणि त्यांतलं टायटेनियम खड्याचा निळा रंग खुलवतं. हा रंग कायमचा असतो. न तापवलेल्या तसल्याच निळ्या खड्याला किंमत कितीतरी जास्त पडते. आम्ही तापवलेलाच पसंत केला. माझ्या मते रोजच्या अंगठीसाठी त्यात काहीच कमीपणा नाही.

खरी अडचण घरी होती. नीलम म्हणजे शनीचा खडा, सगळ्यांना लाभत नाही, असं तिच्या आजीचं म्हणणं. उशाखाली ठेवून आधी पारखायचा, ही त्यांची अट. शेठना यात नवल वाटलं नाही. त्यांनी नग जांगडीवर दिला, म्हणजे पावतीवर विश्वासाने, पसंत नसेल तर परत आणायच्या बोलीवर. खडा रात्री उशाखाली राहिला आणि दिवसा भाचीने तो दवाखान्याच्या पांढऱ्या दिव्यांत, गच्चीत, पावसाळी ढगांखाली पाहिला. आजींचं समाधान झालं आणि तिचंही. मग नग तपासणीला प्रयोगशाळेत गेला.

घडवताना तिने एकच गोष्ट मागितली, खडा उंच उभा राहायला नको. काट्यांत उचललेल्या नगाने हातमोजा फाटतो. म्हणून चहूबाजूंनी सोन्याची कड असलेलं, बोटालगतचं कोंदण केलं. त्यात खड्याच्या कडाही राखल्या जातात.

तुम्ही असा खडा घेणार असाल तर तो आधी जांगडीवर मागा. आणि पसंत पडला की पावतीवर लिहून घ्या: नैसर्गिक की प्रयोगशाळेत घडवलेला, तापवलेला की नाही, भेगा भरल्या आहेत का, वजन किती कॅरट. लिहून द्यायला जो व्यापारी कां-कूं करेल, त्याच्याकडून खडा घेऊ नका.