खेळ अंतराळाचा, धडा आरोग्याचा

"डॉक्टरकाका, अंतराळात पायावर वजनच पडत नाही ना? मग मला तिकडेच पाठवा की! माझा पाय दोन दिवसांत बरा होईल."

हे उद्गार माझ्या एका दहा वर्षांच्या रुग्णाचे. त्याचे खरे नाव सांगण्याचे कारण नाही. आपण त्याला बंड्या म्हणू. २०२५ च्या जून महिन्यात शाळा उघडून आठवडा झाला नाही, तोच स्वारी चिंचेच्या झाडावरून खाली आली आणि नडगीचे हाड मोडले. हाडांच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लॅस्टर घातले. बाहेर धो धो पाऊस, मित्र शाळेत आणि हा खिडकीशी कॉटवर. त्याच दिवसांत शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात होते. २५ जूनला उड्डाण आणि १५ जुलैला परत. १९८४ साली राकेश शर्मा गेले, त्यानंतर ४१ वर्षांनी भारताचा हा दुसरा अंतराळवीर. साहजिकच बंड्याच्या डोक्यात दुसरे काही नव्हते.

मी म्हणालो, "अरे, तिकडे गेलास तर मोडलेला पाय राहू दे, चांगला पायही बारीक होईल." ते काही त्याला पटेना. मग पटवण्यासाठी आम्ही एक खेळ तयार केला. त्या खेळाने बंड्याला तर शिकवलेच, पण त्याच्या आजीला आणि खरे सांगायचे तर मलाही एक धडा दिला. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

पटावरचे पाच साप

घरात सापशिडीचा एक जुना पट होता. आपल्याकडे पूर्वी मोक्षपट खेळत. त्यात शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. खेळता खेळता मुलांना वळण लागावे, हा हेतू. आम्ही तीच युक्ती उचलली. पटावरचे सगळे साप कागद चिकटवून झाकले आणि पाच नवे साप काढले. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने अंतराळप्रवासात माणसाच्या प्रकृतीला असणारे धोके पाच गटांत मांडले आहेत. तेच आमचे पाच साप.

पहिला साप किरणोत्सर्गाचा. पृथ्वीभोवतीचे वातावरण आणि तिचे चुंबकीय क्षेत्र ही आपली दुहेरी छत्री. सूर्याकडून आणि दूरच्या ताऱ्यांकडून येणारे घातक कण ती अडवते. चंद्राकडे किंवा मंगळाकडे निघाले की ही छत्री मागे राहते. पेशींना इजा होऊन पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. १९७२ च्या ऑगस्टमध्ये सूर्यावर मोठे वादळ उठले होते. त्याआधी एप्रिलमध्ये अपोलो १६ चे यात्री चंद्रावर जाऊन आले होते आणि अपोलो १७ डिसेंबरमध्ये जायचे होते. वादळ नेमके मधल्या काळात येऊन गेले, म्हणून निभावले.

दुसरा साप एकटेपणाचा. चार-सहा माणसे, लहानशी जागा आणि तीच तोंडे रोज समोर. स्थानकातून दिवसाला सोळा वेळा सूर्योदय दिसतो, त्यामुळे झोपेचे गणित चुकते. २०१० ते २०११ या काळात मॉस्को येथे सहा जणांनी ५२० दिवस बंद यानासारख्या जागेत राहून मंगळयात्रेची रंगीत तालीम केली. त्यातल्या काहींची झोप बिघडली, हालचाल मंदावली. सुनीता विल्यम्स २०२४ च्या जूनमध्ये आठवडाभरासाठी म्हणून गेल्या आणि परतल्या त्या २०२५ च्या मार्चमध्ये! मन खंबीर नसते तर काय झाले असते?

तिसरा साप अंतराचा. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर, म्हणजे तीन दिवसांची वाट. मंगळाला जायला मात्र सहा ते नऊ महिने. तिथून "डॉक्टर, पोटात दुखतंय" असे सांगितले, तर मंगळ फार दूर असताना तो निरोप पृथ्वीवर पोचायलाच वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. उत्तर यायला पुन्हा तितकाच. स्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडल्याची हकीकत २०२० साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी सूचना द्यायच्या आणि यात्रीने स्वतःच स्वतःची सोनोग्राफी करायची, असे चालले. स्थानकावरची इंजेक्शने मोजकीच होती. ती पुरवून पुरवून वापरली, तोवर मालवाहू यानातून गोळ्या पोचल्या. मंगळाच्या वाटेवर असे यान कुठून येणार?

चौथा साप गुरुत्वाचा. बंड्याचा समज होता, आणि पुष्कळ मोठ्यांचाही असतो, की स्थानकात गुरुत्वाकर्षणच नसते. तसे नाही. स्थानक असते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आणि तिथेही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे नऊ दशांश असते. पण स्थानक आणि त्यातली माणसे एकत्रच पृथ्वीभोवती सतत 'पडत' असतात, म्हणून वजन जाणवत नाही. वजन नाही म्हणजे हाडांना काम नाही. बिनकामाचे हाड शरीर पोसत नाही. त्यातले कॅल्शियम काढून लघवीवाटे टाकून देते. त्यातून मुतखड्याचीही भीती. व्यायाम केला नाही, तर कंबर आणि मांडीसारख्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. म्हातारपणी वर्षभरात होते तेवढी झीज तिथे एका महिन्यात! स्नायूही वाळतात. अंगातले पाणी डोक्याकडे सरकून चेहरा सुजतो, नाक चोंदते, काहींची नजर बिघडते. म्हणून प्रत्येकाला रोज सुमारे दोन तास व्यायाम सक्तीचा असतो. धावण्याच्या पट्ट्यावर चक्क पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेऊन धावायचे.

पाचवा साप बंद डब्याचा. हवा, पाणी, तापमान सारे यंत्राच्या भरवशावर. १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो १३ यानात टाकी फुटली. तिघे यात्री चांद्रयानाच्या कोठडीत आले, पण तिथली हवा दोघांच्याच हिशेबाची. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढू लागला. हवा शुद्ध करणारे मुख्य यानातले डबे चौकोनी आणि इथली भोके गोल! शेवटी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी वापरून जोड तयार केला आणि तिघे सुखरूप परतले. ही गोष्ट बंड्याने माझ्याकडून चार वेळा सांगून घेतली.

खेळाचे नियम

१ क्रमांकाचे घर म्हणजे पृथ्वी, ५० वे मंगळ आणि १०० वे घर पुन्हा पृथ्वी. नुसते पोचून भागत नाही, धडधाकट परत यायचे. निघताना पाच चिठ्ठ्या समोर ठेवतात: व्यायाम, किरणांपासून आडोसा, घरचे पत्र, औषधांची पेटी आणि हवापाण्याची गाळणी. प्रत्येक चिठ्ठी एकेका सापावरचा उतारा. पण यानात जागा थोडी, म्हणून तीनच चिठ्ठ्या न्यायच्या! सापाच्या तोंडी गेलात आणि त्यावरची चिठ्ठी जवळ असली, तर वाचलात. नसली तर शेपटीपर्यंत घसरगुंडी. ज्याला जास्तीची चिठ्ठी हवी त्याने 'पृथ्वीवरच्या केंद्रा'कडे, म्हणजे बंड्याच्या ताईकडे मागायची. मात्र ती मिळणार दोन फेऱ्या उलटल्यावर. मंगळ लांब आहे ना!

बंड्याने पहिल्या दिवशी औषधे, आडोसा आणि गाळणी घेतली. व्यायामाची चिठ्ठी त्याला बिनकामाची वाटली. ९७ व्या घरात गुरुत्वाचा साप बसला होता. स्वारी घराच्या दारात येऊन थेट ४१ वर! दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याने सर्वांत आधी व्यायामाची चिठ्ठी उचलली आणि मला विचारले, "काका, प्लॅस्टरमध्ये व्यायाम करता येतो?" हाडांच्या डॉक्टरांनी नेमून दिलेला व्यायाम होताच: बोटे हलवणे, मांडी आवळून धरणे आणि सोडणे. आईने सांगून सांगून तोंड दुखवून घेतले होते. आता तो आपणहून करू लागला.

आजींचा प्रश्न

खेळाला चौथा गडी म्हणून कॉटवरच्या आजी होत्या. त्यांनी तीन चिठ्ठ्यांत पहिली उचलली ती घरच्या पत्राची. म्हणाल्या, "माणसाला आधी माणूस लागतं."

या आजी वर्षापूर्वी मोरीत घसरल्या होत्या. हाड मोडले नव्हते, मुका मार होता. तेव्हापासून मात्र त्या अंथरुणाला खिळल्यासारख्या झाल्या होत्या. पुन्हा पडू या भीतीने उठणे बंद. जेवण कॉटवर, प्रार्थना कॉटवर. पिंडऱ्या काडीसारख्या झालेल्या.

गुरुत्वाचा साप काय करतो हे मी बंड्याला समजावत होतो. बोलता बोलता सांगितले, की अंतराळाचा अभ्यास करणारे लोक जमिनीवर चक्क माणसांना अंथरुणात झोपवून ठेवतात. २०१९ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात धडधाकट स्वयंसेवकांना ६० दिवस डोके थोडे उताराकडे ठेवून निजवले होते. का, तर नुसते पडून राहिल्याने शरीराचे जे होते, ते बरेचसे अंतराळासारखेच.

आजी ऐकत होत्या. फासा हातातच धरून म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टर, मी वर्षभर अंतराळातच आहे म्हणायची. तुम्हीच तर पाठवलंत. 'विश्रांती घ्या' म्हणालात."

मला उत्तर सुचेना. खरेच, पडल्या तेव्हा मीच तसे सांगितले होते. दुखणे होते तोवर ते योग्यही होते. पण किती दिवस, हे सांगायचे राहून गेले. पुढे रक्तदाब बघायला जात होतो, गोळ्या लिहून देत होतो. त्या कॉटवरून का उतरत नाहीत, हे मी कधी विचारले नाही. मी म्हणालो, "आजी, चूक माझी. आता परतीचा प्रवास सुरू करू."

अंतराळातून परतलेल्यांनाही यानातून आधार देऊन बाहेर काढतात आणि चालण्याची सवय पुन्हा हळूहळू करून घेतात. तसेच केले. आधी त्यांना नीट तपासले. झोपून आणि उभे राहून रक्तदाब पाहिला, चष्म्याचा नंबर तपासून घेतला. मग पहिले काही दिवस नुसते काठाशी बसून पाय हलवणे. नंतर कुणीतरी जवळ असताना खुर्चीवरून उठणे आणि बसणे, आधी तीन वेळा, पुढे पाच वेळा. मोरीत धरायला दांडा बसवला, निसरडी फरशी खरवडून घेतली. महिन्याभरात काठी टेकत आजी तुळशीवृंदावनापर्यंत गेल्या. पूर्वीसारख्या त्या चालत नाहीत, चालतील असेही मी म्हणत नाही. पण आता मोरीत स्वतःच्या पायांनी जातात आणि याचा त्यांना कोण अभिमान!

बंड्याचे प्लॅस्टर निघाले तेव्हा पाय बारीक झालेला पाहून त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. बंड्याच तिला म्हणाला, "अगं, गुरुत्वाचा साप चावलाय. उतरेल." आणि नेमलेला व्यायाम केल्यावर उतरलाही.

घरोघरीचे साप

वाचकहो, हे पाचही साप आपल्या घरातही असतात. उन्हात काम करणाऱ्याने डोके झाकावे, गरज नसताना एक्स-रेचा हट्ट धरू नये. घरातल्या वृद्धांशी रोज दहा मिनिटे बसून बोलावे. दवाखाना दूर असेल तर नेहमीच्या गोळ्या संपण्याआधी आठवडाभर आणून ठेवाव्यात. थंडीत दारे-खिडक्या लावून पेटती शेगडी खोलीत ठेवू नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच घात होतो. आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर लगेच विचारावे, "किती दिवस? आणि त्यानंतर काय करायचं?" हा प्रश्न विचारण्यात संकोच मुळीच नको. कधीकधी डॉक्टरलाही आठवण करून द्यावी लागते.

परदेशात मुलांना अंतराळवीरांसारखा व्यायाम शिकवणारा 'मिशन एक्स' नावाचा उपक्रम २०११ पासून अनेक देशांतल्या शाळांनी राबवला. आपल्याला इतका खटाटोप नको. जुना पट, खळ, रंगीत खडू आणि एक फासा पुरे. मुलांना साप स्वतः काढू द्या, कुठला साप कुठे बसवायचा यावर भांडू द्या. वाद घालताना मुले जे शिकतात ते आपल्या व्याख्यानाने शिकत नाहीत. आणि पटाभोवती घरातल्या आजी-आजोबांनाही बसवा. फक्त एक नियम आमच्याकडून घ्या. डाव संपला की जिंकणाऱ्यानेही आणि हरणाऱ्यानेही आधी उठून, जमेल तशी, अंगणात एक फेरी मारायची.

बंड्याच्या घरी हा नियम आजींनी घातला आहे.