डिस्कवरचे लेखन थांबवताना

संगणकात नवी फाइल तयार होते तेव्हा डिस्कवर एकाच ठिकाणी लिहून काम भागत नाही. फोल्डरमध्ये तिचे नाव चढते, तिचा आकार आणि मालक यांची नोंद दुसरीकडे होते आणि डिस्कचा कोणता भाग आता रिकामा उरलेला नाही हे तिसरीकडे टिपले जाते. यांपैकी दोनच नोंदी झालेल्या असताना बॅकअपसाठी डिस्कची प्रत घेतली, तर ती वरून धड दिसली तरी आतून विसंगत निघू शकते. हे टाळण्यासाठी फाइलसिस्टीम, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातील, अर्थात कर्नलमधील, फाइलींचा कारभार पाहणारी यंत्रणा, काही क्षण ‘गोठवावी’ लागते.

या विषयाशी पुण्याचा संबंध जुना आहे. बॅकअपचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हेरिटास या अमेरिकी कंपनीचे मोठे संशोधन व विकास केंद्र पुण्यात अनेक वर्षे चालले. बॅकअपच्याच क्षेत्रात काम करणारी ड्रुव्हा ही कंपनी २००८ मध्ये पुण्यात सुरू झाली, तिचे संस्थापकही व्हेरिटासमधून आलेले होते. व्हेरिटासने घडवलेल्या व्हीएक्सएफएस या फाइलसिस्टीममध्ये गोठवण्याच्या आदेशासोबत सेकंदांत मुदत द्यावी लागते आणि ती संपली की व्यवहार आपोआप सुरू होतात. लिनक्समध्ये गोठवण्याचा आदेश निरनिराळ्या फाइलसिस्टीमना समान स्वरूपात मिळाला तो मार्च २००९ मधील २.६.२९ या आवृत्तीत. त्याआधी एक्सएफएस या फाइलसिस्टीमला स्वतःची अशी सोय होती.

आदेश असला तरी थांबवणे सोपे नव्हते. लिहिणारा प्रोग्रॅम ‘गोठवले आहे काय’ हे तपासून पुढे जाई आणि नेमक्या त्याच फटीत गोठवण्याचा आदेश लागू होई. परिणामी गोठवलेल्या डिस्कवरही लेखन घुसे. २०१२ मध्ये कर्नलचे विकासक यान कारा यांच्या कामातून लिनक्स ३.६ मध्ये जी रचना आली तिने ही फट बुजवली: प्रत्येक लेखक आत शिरताना नोंद करतो, बाहेर पडताना ती पुसतो आणि गोठवणारा आत असलेले सारे बाहेर पडेपर्यंत थांबतो. दुकानाचे शटर अर्धे ओढून आतल्या गिऱ्हाइकांना आटोपू द्यावे, तसाच हा प्रकार.

मात्र शटर एक नाही, तीन आहेत आणि खरी कसोटी त्यांच्या क्रमात आहे. आधी नेहमीचे लेखन अडवले जाते. नंतर मेमरीत जोडलेल्या फाइलींवरील लेखन, ज्यात प्रोग्रॅम कर्नलला न विचारता थेट मेमरीच्या पानावर लिहू पाहतो आणि कर्नल त्याला त्या पानाच्या पहिल्या स्पर्शालाच पकडतो. शेवटी फाइलसिस्टीमची स्वतःची अंतर्गत कामे थांबतात आणि जर्नल, म्हणजे बदलांची आधी टिपून ठेवलेली नोंदवही, डिस्कवर पक्की केली जाते. हा क्रम उलटला तर पेच पडतो. अर्ध्यावर असलेल्या लेखकाला मजकूर उचलताना मेमरीचे पान लागते. दुसरे शटर आधी बंद झाले असेल तर तो तिथे अडकतो, त्याची वाट पाहणारा गोठवणारा तिकडे अडकतो आणि दोघेही कायमचे खोळंबतात.

एवढे करूनही हमी मिळते ती फाइलसिस्टीमच्या सुसंगतीची. डेटाबेसच्या अर्धवट व्यवहारांची जबाबदारी डेटाबेसकडेच राहते. लिनक्सच्या आदेशात मुदत नाही, ही उणीवच म्हणावी लागेल, कारण ज्या डिस्कवर बॅकअपचा प्रोग्रॅम स्वतःचा लॉग, म्हणजे कामाची नोंद, लिहितो तीच त्याने गोठवली, तर ती मोकळी करण्याचा आदेश देण्याआधीच तो लॉगपाशी थांबू शकतो. मुदतीची पद्धत त्या बाजूने शहाणी आहे, परंतु प्रत पूर्ण होण्याआधी मुदत सरली तर ती प्रत टाकून द्यावी लागते. म्हणूनच जाणकार प्रशासक लांबलचक बॅकअपभर डिस्क गोठवून ठेवत नाहीत. गोठवणे, त्या क्षणाचा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या तेव्हाच्या स्थितीची स्थिर प्रतिमा, घेणे आणि लगेच मोकळे करणे एवढेच उरकून पुढची संथ नक्कल ते स्नॅपशॉटवरून करतात.