पोकरमध्ये ५०० रुपये लावायचे की पत्ते टाकायचे? 'पॉट ऑड्स'चं गणित समजून घ्या

टेबलावर १,००० रुपये जमलेत. समोरचा खेळाडू आणखी ५०० लावतो. तुमच्या हातात इस्पिकचा एक्का आणि नव्वी, टेबलावरच्या चार उघड्या पत्त्यांत आणखी दोन इस्पिक. शेवटचा एकच पत्ता यायचा आहे. तो इस्पिकचा आला, तर पाच इस्पिक होऊन 'फ्लश' लागणार. नाही आला, तर डाव गेला.

अशा वेळी बरेच जण म्हणतात, "आज नशीब साथ देतंय, लावून टाकू." पण या प्रश्नाचं उत्तर साध्या भागाकारानं काढता येतं. त्यालाच पोकरमध्ये 'पॉट ऑड्स' म्हणतात.

पॉट ऑड्स म्हणजे काय?

डावात जमलेली सगळी रक्कम म्हणजे पॉट. तो जिंकण्यासाठी आत्ता किती पैसे टाकावे लागतात, याचं प्रमाण म्हणजे पॉट ऑड्स.

आपल्या उदाहरणात ५०० टाकून १,५०० जिंकता येतात. तुम्ही ५०० टाकल्यावर पॉट होईल २,००० रुपयांचा. त्यात तुमचा वाटा ५००, म्हणजे २५ टक्के. याचा अर्थ, जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरच पैसे लावणं फायद्याचं.

मग शक्यता किती आहे?

पत्त्यांच्या जोडात ५२ पत्ते. त्यातले दोन तुमच्या हातात, चार टेबलावर. उरले ४६. इस्पिकचे एकूण १३, त्यातले चार दिसले, उरले ९. म्हणजे ४६ पैकी ९, साधारण १९.६ टक्के.

हवे होते २५, आहेत १९.६. सौदा तोट्याचा.

हाच प्रसंग ४६ वेळा आला असं समजा. सरासरीनं ९ वेळा १,५०० रुपये मिळतील, म्हणजे १३,५००. उरलेल्या ३७ वेळा ५०० जातील, म्हणजे १८,५००. हिशेब ५,००० रुपयांनी तोट्यात. एखादा डाव जिंकलात, तरी निर्णय चुकीचाच होता.

पैसे लावणाऱ्याला याचा काय उपयोग?

हे गणित फक्त पत्ते टाकायचे की नाही एवढंच ठरवत नाही. पैसे लावणाराही त्यावरूनच रक्कम ठरवतो, कारण समोरच्यासाठी पुढच्या पत्त्याची 'किंमत' तोच लावत असतो.

आता जागा बदला. चांगला हात तुमच्याकडे आहे आणि फ्लशची वाट समोरचा पाहतोय. १,००० च्या पॉटमध्ये तुम्ही २०० लावले, तर त्याला १,४०० च्या पॉटसाठी २०० टाकायचे आहेत, म्हणजे फक्त १४.३ टक्के शक्यता पुरते. त्याच्याकडे १९.६ आहे. तुम्ही त्याला स्वस्तात पत्ता विकला!

या उदाहरणात सीमारेषा साधारण ३२१ रुपयांवर, म्हणजे पॉटच्या जवळपास एक तृतीयांशावर येते. त्याहून जास्त लावले, तर पुढे येणारा समोरचा सरासरीनं तोट्यात जातो. तुमची सरासरी कमाई बघा:

- २०० लावले आणि तो आला: सुमारे ९२६ रुपये
- त्यानं पत्ते टाकले: १,००० रुपये
- ५०० लावले आणि तरीही तो आला: सुमारे १,१०९ रुपये

मग थेट ५,००० का लावू नयेत? कारण फ्लशची वाट पाहणारा पत्ते टाकून देईल आणि तुमच्याहून भारी हात असलेला मात्र आनंदानं पुढे येईल.

चूक कुठे होते?

झटपट हिशेबासाठी खेळाडू एक युक्ती वापरतात. एक पत्ता यायचा असेल, तर उपयोगी पत्त्यांची संख्या गुणिले दोन. दोन पत्ते यायचे असतील, तर गुणिले चार. नऊ पत्त्यांसाठी अंदाजे १८ आणि ३६ टक्के.

गडबड इथेच होते. ३६ टक्के तेव्हाच खरे, जेव्हा पुढचे दोन्ही पत्ते आणखी पैसे न टाकता बघायला मिळतात. मध्ये पुन्हा पैसे लावावे लागले, तर हिशेब नव्यानं करावा लागतो.

गणित आलं म्हणजे पैसे मिळतील?

नाही. पॉट ऑड्स चुकीचे निर्णय कमी करतात, नशीब बदलत नाहीत. शिवाय कॅसिनो 'रेक' म्हणून पॉटमधून आपला वाटा काढतो. त्यामुळे बरोबरीचे खेळाडू खेळत राहिले, तर दीर्घकाळात दोघंही तोट्यात जातात.

कायद्याचा मुद्दाही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरक त्यात उरला नाही. गोव्यातल्या परवानाधारक कॅसिनोंची गोष्ट वेगळी.

गणित मात्र पैसे न लावता, घरच्या टेबलावर बटणं किंवा शेंगदाणे घेऊनही शिकता येतं. पुढच्या वेळी "आज नशीब साथ देतंय" असं वाटलं, की आधी उरलेले पत्ते मोजा.