चहूबाजूंचा गोल

खेळातल्या गोलाला तोंडे किती असावीत, हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत का घ्यावा, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. सुट्टी मिळाली, पण ती खेळात घालवायची तर मैदान पाहिजे. नांदेडच्या जुन्या चाळी घ्या की लातूरच्या मार्केट यार्डाजवळची हमालवस्ती घ्या, पोरांच्या वाट्याला येते ती घरांच्या दोन रांगांमधली पंधरा-सोळा मीटरची मोकळी जागा. नियमाचे फुटबॉलचे मैदान कमीत कमी ९० मीटर लांब लागते. जागा ताणता येत नाही. मग गोलच बदलता येईल काय, हे आम्ही पाहू लागलो.

आधी नेहमीच्या गोलाचा स्वभाव पाहू. हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद असतो. समोर उभे राहिले की तो पुरा दिसतो. गोलरेषेशी तीस अंशांचा कोन करून पाहिले की त्याची रुंदी निम्मी, म्हणजे १.८३ मीटर वाटते. आणि रेषेच्या टोकाशी उभे राहिले की नुसता एक खांब दिसतो. पाठीमागून तर जाळीच. म्हणजे हा गोल फक्त पुढच्या माणसाचा. त्याच्यासाठी पुढे लांबच लांब मैदान पाहिजे. लहान जागेत असा गोल ठोकला, की त्याच्या तोंडाशी सर्वांत दांडगे पोर ठाण मांडते आणि मुली व लहानगी कडेला उभी राहतात.

चहूबाजूंनी खुला असलेला नेम आपल्याला नवा नाही. लगोरी आठवा. सात चपट्या ठिकऱ्यांची उतरंड एकदा फुटली, की ती रचायला कोणी कोणत्याही बाजूने धावत येतो. चेंडू मारणाऱ्याला कुठली बाजू राखावी ते कळत नाही. तिकडे हॉलंडात निको ब्रुखहाउझेन नावाच्या शाळामास्तराने १९०२ साली आम्सटरडॅममध्ये कॉर्फबॉल हा खेळ बांधला. साडेतीन मीटर उंच खांबावर बिनबुडाची टोपली; मागे फळी नाही. खांब मैदानाच्या आत रोवलेला, त्यामुळे टोपलीत चेंडू पुढून टाका, मागून टाका, बाजूने टाका. एका संघात चार पुरुष आणि चार स्त्रिया. १९२० आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला.

पण आपल्या पोरांना चेंडू पायाने खेळायचा असतो. तेव्हा गोल जमिनीवरच हवा, आणि त्याला बाजू हव्यात. किती? दोन खांबांचा गोल आपण पाहिलाच. तीन खांब समभुज त्रिकोणात रोवा, दोन खांबांतले अंतर २.४० मीटर ठेवा. आता थोडे दूर जाऊन या त्रिकोणाभोवती फेरी मारा. कोठूनही पाहिले तरी गोलाची रुंदी २.०८ मीटरपेक्षा कमी भासत नाही आणि २.४० पेक्षा जास्त भासत नाही. चार खांबांचा चौकोन तेवढ्याच बाजूचा केला, तर ती २.४० पासून ३.३९ पर्यंत बदलते. म्हणजे कोपऱ्यासमोरच्याला फायदा आणि बाजूसमोरच्याला तोटा. सर्वांना जवळजवळ सारखी संधी देणारा आणि कमीत कमी लाकूड खाणारा आकार त्रिकोणच ठरतो.

गोलरक्षक आत मधोमध उभा राहतो. तिथून प्रत्येक बाजू सुमारे ७० सेंटिमीटरवर येते, म्हणजे एका पावलात. त्याला जेरीस आणायचे तर चेंडू झटकन पलीकडे गेला पाहिजे. यासाठी गोलाभोवती तीन मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे. त्याच्या आत रक्षकाखेरीज कोणी जायचे नाही. आता पलीकडे धावत जाणाऱ्याला अर्ध्या वर्तुळाचे नऊ मीटरांहून अधिक अंतर पडते आणि रक्षक तेवढ्यात एक गिरकी घेतो. एकटा धावणारा थकतो. सोबत्याकडे चेंडू देणारा गोल करतो. बाहेरचे वर्तुळ सात मीटर त्रिज्येचे, म्हणजे सगळे मैदान चौदा मीटरांत बसते.

गोल एक आणि संघ दोन, मग भांडण होणार नाही का? नियम केला तर होत नाही. ज्याच्याकडे चेंडू तो चढाई करील. चेंडू हिसकावून घेणाऱ्याने तो आधी बाहेरच्या वर्तुळापर्यंत नेला पाहिजे. तिघातिघांच्या बास्केटबॉलमध्ये, जो २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला गेला, हीच पद्धत आहे. गोलरक्षक मात्र कोणत्याच संघाचा नसावा. तो लवादासारखा, पाळीपाळीने बदलावा. गोलाला जाळी लावू नये. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडलेला चेंडू म्हणजे गोल, एवढे ठरवले की वाद उरत नाही.

आता बांधणी. तीन मजबूत वेळू उभे, वर तीन आडवे, सांधे काथ्याने आवळलेले. तिवई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, तसाच हा सांगाडा. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खांब तिरके होतात. खड्ड्यात मुरूम ठासून भरावा. खांबांना यार्डातले जुने बारदान गुंडाळावे, म्हणजे डोकी फुटणार नाहीत. आडव्या वेळूला मात्र कोणी लोंबकळू नये.

शेवटी एक सांगितलेच पाहिजे. चौदा मीटरांत खेळ बसतो, हे दाखवले की नगररचनेतला कोणी शहाणा म्हणेल, मग यांना मोठे मैदान कशाला? त्याला मंडळींनी तिथेच उत्तर द्यावे. भूक लागली असताना भाकरीचा चतकोर खाल्ला, म्हणून पोटभर जेवणाचा हक्क सुटत नाही. नांदेडला आणि लातूरला महानगरपालिका आहेत. आराखड्यात क्रीडांगण म्हणून राखलेला प्रत्येक तुकडा त्यांनी क्रीडांगणच ठेवला पाहिजे. ती मागणी आपण करीत राहू. तोवर येत्या रविवारी तीन वेळू रोवू, आणि कडेला उभ्या असलेल्या पोरींना आधी बोलावू.