चौकातील वाहतूक आणि यंत्राची मोजणी

बडोदे येथील खंडेराव मार्केटची भव्य वास्तू महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०६ साली उभारली व तिला आपले दत्तक पिता खंडेराव महाराज यांचे नाव दिले. महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय याच वास्तूत असून लगतच भाजी व फुलांचा बाजार आहे. त्यामुळे शहराच्या वाहतुकीचे निर्णय जेथे होतात, तेथेच त्या निर्णयांची परीक्षाही दररोज होत असते. नावाचा योगही लक्षणीय आहे. खंडेराव महाराजांच्याच कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम हा देशातील पहिला अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला आणि त्यावरील गाड्या आरंभी बैल ओढीत असत.

आज बडोद्यासह अनेक महानगरांपुढे बुद्धिमान वाहतूक यंत्रणेचा विषय आहे. यंत्रास 'बुद्धिमान' म्हणणे काहीसे धाडसाचे असले, तरी तिचे कार्य समजण्यास कठीण नाही. रस्त्याखाली पुरलेली तारेची वेटोळी किंवा खांबावरील कॅमेरे वाहनांची मोजदाद करतात. ती माहिती नियंत्रण केंद्राकडे जाते आणि तेथील संगणक कोणत्या दिशेस हिरवा दिवा किती वेळ ठेवावा, हे ठरवितो. बसवरील उपकरणामुळे ती कोठे आहे हे कळते व थांब्यावरील प्रवाशास तसे सांगता येते. लंडनमध्ये १८६८ साली पार्लमेंटजवळ लावलेला पहिला सिग्नल वायूवर जळत असे व शिपाई तो हाताने फिरवी. पुढे थोड्याच काळात त्याचा स्फोट झाला. टोरांटो शहराने १९६३ साली हे काम संगणकावर सोपविले.

तथापि यंत्र खरेदी करण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो. मोजावयाचे काय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत मोटारीस एक एकक मानून इतर वाहनांची बरोबरी दिलेली आहे. सायकल सुमारे अर्धा एकक, बस २.२ ते ३.७ आणि हातगाडी २ ते ३ एकक. म्हणजे पन्नास प्रवाशांची बस आणि भाजीची एक हातगाडी यांत या हिशेबी फारसे अंतर उरत नाही. पायी चालणाऱ्यास तर या कोष्टकात स्थानच नाही. हे कोष्टक रस्त्याची क्षमता ठरविण्यासाठी आहे, त्यात त्याचा दोष नाही. परंतु तेच यंत्राचे एकमेव मोजमाप झाले, तर बाजारातून डोक्यावर टोपली घेऊन निघालेली स्त्री यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसते.

पादचारी सेकंदास १.२ मीटर चालतो असे सामान्यतः धरले जाते. त्या वेगाने १५ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास साडेबारा सेकंद लागतात. ओझे घेतलेल्या वृद्धेचा वेग ०.८ मीटर धरल्यास सुमारे १९ सेकंद हवेत. हे साडेसहा सेकंद कोणाच्या वाट्यातून काढावयाचे, हा निर्णय संगणकाचा नव्हे. तो नियोजनकर्त्यांनी आधी घेऊन यंत्रास सांगावा लागतो. केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने रस्त्यावरील जागेचे वाटप करताना वाहनांऐवजी माणसे केंद्रस्थानी मानली आहेत, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

दुसरी अडचण सीमांची आहे. रस्ते महानगरपालिकेचे, वाहतूक नियमन पोलिसांचे, परगावच्या बसगाड्या एस. टी. महामंडळाच्या, लोहमार्ग रेल्वेचा, तर शहराबाहेरील विकास १९७८ पासून नागरी विकास प्राधिकरणाकडे. खेड्यातून येणाऱ्या प्रवाशास मात्र हा एकच प्रवास असतो. एस. टी. उशिरा पोहोचली तर पुढील शहर बस थांबवावी काय, हे दोन्ही यंत्रणा परस्परांशी बोलल्याखेरीज ठरत नाही. अमेरिकेत २००१ च्या नियमान्वये, कोणते कार्यालय कोणास कोणती माहिती देईल याचा प्रादेशिक आराखडा अशा यंत्रणांसाठी आवश्यक ठरविण्यात आला.

बडोद्यात या माहितीचे मोल पावसाळ्यात विशेष जाणवते. जुने शहर व खंडेराव मार्केट विश्वामित्रीच्या पूर्वेस, रेल्वे स्थानक पश्चिमेस. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीला पूर येऊन शहराचे मोठे भाग जलमय झाले होते. अशा वेळी कोणता पूल बंद झाला हे रुग्णवाहिकेच्या चालकास पुलाशी पोहोचल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वी कळावयास हवे.